धावणाऱ्या स्त्रीचे वस्त्र

वस्त्राचे धर्म दोन, एक अंग झाकण्याचा व दुसरा अंग सजविण्याचा, असे आपण सामान्यतः धरून चालतो. परंतु वस्त्राला आणखी एक धर्म आहे आणि तो म्हणजे अंगाला कामात साह्य करण्याचा. तालमीत उतरणारा मल्ल लंगोट कसतो तो केवळ लज्जारक्षणासाठी नव्हे. डाव टाकताना शरीराचा नाजूक भाग जागच्या जागी राहावा, अशी त्यात योजना असते. नांगर धरणारा शेतकरी धोतराचा काचा मारतो, डोंगर चढणारा कंबर बांधतो, शिपाई पट्टा आवळतो. पुरुषाच्या वस्त्राचा हा तिसरा धर्म समाजाने फार पूर्वी मान्य केला आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. स्त्रीच्या वस्त्राचा विचार मात्र बहुतेक वेळा पहिल्या दोन धर्मांपाशीच थांबला. ते पुरेसे झाकते काय आणि ते शोभून दिसते काय, हे दोन प्रश्न विचारले की वस्त्राची परीक्षा संपली. ते अंगावर असता तिला मोकळेपणी धावता येते काय, हा प्रश्न विचारणारे सहसा कोणी भेटत नसे.

हा प्रश्न एका अध्यापिकेने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी विचारला व त्याचे उत्तर स्वतःच्या हातांनी शिवून दाखविले. ही गोष्ट १९७७ सालची आणि अमेरिकेतील एका लहानशा शहरातली आहे. पण तिचा आजचा एक मोठा मुक्काम आपल्याच देशात, बंगळूर शहरात आहे. जगातील नामांकित क्रीडावस्त्रांच्या कंपन्यांसाठी कपडे शिवणारे कारखाने तेथे आहेत. प्यूमा आणि डेकॅथलॉन या परदेशी कंपन्यांच्या भारतातील मुख्य कचेऱ्या तेथे आहेत. आणि केवळ स्त्रियांच्या व्यायामवस्त्रांसाठी निघालेली देशी कंपनीही तेथेच जन्मली. म्हणून बंगळूरमध्ये आज काय शिवले जाते, कोण शिवते आणि कोणासाठी, हे समजावयाचे तर ती मूळची कथा आधी ऐकली पाहिजे.

त्याआधी आपल्या घरच्या वस्त्राची आठवण करणे न्याय्य ठरेल. नऊवारी लुगडे आणि त्याचा कासोटा हे कष्टाचे व खेळाचे वस्त्र होते, यात शंका नाही. गुडघाभर चिखलात भाताची लावणी करणारी बाई, पाटी डोक्यावर घेऊन घाट उतरणारी बाई, मंगळागौरीच्या रात्री फुगडी आणि झिम्मा खेळणाऱ्या लेकीसुना, या सर्वांना ते वस्त्र दोन्ही पायांचे स्वातंत्र्य देत होते. विसाव्या शतकात शिकलेल्या शहरी स्त्रीने हळूहळू कासोटा सोडला आणि पाचवारी गोल साडी पत्करली. तिला सुटसुटीतपणा लाभला, प्रतिष्ठा लाभली; मात्र ढांग टाकण्याची सोय गेली. योगायोग असा की, ज्या काळात शाळा-महाविद्यालयांची मैदाने मुलींना खुली होऊ लागली, त्याच काळात त्यांच्या नित्याच्या वस्त्राने पावलाला आखूड केले. खेळावयाचे तर वेगळे कपडे घालणे भाग होते, आणि ते वेगळे कपडे मुलीच्या शरीराचा विचार करून कोणी केलेलेच नव्हते.

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत स्वतंत्र भारताकडून चार मुली उतरल्या. मुंबईच्या मेरी डिसूझा आणि बंगालच्या निलिमा घोष धावण्याच्या शर्यतींत होत्या. डॉली नाझीर आणि आरती साहा पोहण्याच्या. आरती त्या वेळी अवघी अकरा वर्षांची होती. त्या मुलींचे धैर्य मोठे होते. तथापि त्यांच्यामागून मैदानात येऊ पाहणाऱ्या सर्वसामान्य मुलीला दुकानात विचारले तर मुलांच्या मापातले लहान माप पुढे केले जाई. मैदान खुले झाले होते. वस्त्र अजून तयार व्हावयाचे होते.

पाश्चात्त्य देशांत स्थिती फार वेगळी होती असे समजण्याचे कारण नाही. तेथे शरीर आवळणाऱ्या काचोळ्या आणि पायघोळ झगे घालून बायका टेनिस खेळत. १९१९ साली फ्रान्सची सुझान लेंग्लेन ती आवळणारी काचोळी टाकून, पोटरीपर्यंतच्या झग्यात विंबल्डनच्या हिरवळीवर उतरली, तेव्हा तिच्या खेळाइतकीच तिच्या पोशाखाची चर्चा झाली. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली, आणि ती त्यांच्या प्रकृतीला झेपत नाही असा समज होऊन पुढे १९६० पर्यंत ती कार्यक्रमातूनच काढून टाकण्यात आली. १९६७ साली कॅथरिन स्विट्झर ही तरुणी बॉस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीत क्रमांक लावून धावत असता एका पदाधिकाऱ्याने तिला शर्यतीतून ओढून काढण्याचा प्रयत्न केला. १९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगे व मुली असा भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आणि तो खेळालाही लागू झाला. पुढच्या काही वर्षांत तेथील मुली मोठ्या संख्येने मैदानात आल्या. त्याच सुमारास सकाळी उठून धावण्याचा छंद सर्व देशभर पसरला. कायद्याने दार उघडले होते. पण एक अडचण अशी होती की, तिचा उच्चार ना कायद्यात होता ना वर्तमानपत्रांत.

ती अडचण साधीच होती. स्त्रीच्या उरोभागाला स्वतःचा असा स्नायू नाही. त्वचा आणि आतले नाजूक तंतुबंध यांच्याच आधारावर तो असतो. धावताना तो वरखाली हलतो, त्याचप्रमाणे डावीउजवीकडे आणि पुढेमागेही हलतो, आणि प्रत्येक पावलाला ताण बसून दुखतो. नित्याची काचोळी शोभेसाठी शिवलेली असते. तिचे पट्टे खांद्यावरून घसरतात, आकडे पाठीला रुततात, शिवणी घामाने ओलावून कातडी सोलतात. बायका हे सोसत होत्या किंवा धावणे सोडून देत होत्या. चारचौघांत बोलावयाची ही गोष्ट नव्हे, असा संकेत असल्यामुळे त्यावर उपाय शोधणे हे कोणाचेच काम नव्हते.

व्हर्मांट राज्यातील बर्लिंग्टन शहरात लिसा लिंडाल नावाच्या एक तरुणी राहत. त्या तेथील विद्यापीठाशी संबंधित होत्या आणि आठवड्याला तीसेक मैल धावत. त्यांना अपस्माराचा विकार होता. त्यामुळे आपल्या शरीरावर आपलाच ताबा आहे, ही धावण्यातून येणारी भावना त्यांना विशेष मोलाची वाटे. १९७७ च्या उन्हाळ्यात त्यांच्या बहिणीने दूरध्वनीवर विचारले की, धावताना होणाऱ्या या त्रासावर तू काय करतेस? दोघी हसल्या. पुरुष खेळाडूंसाठी लंगोटासारखा आधाराचा पट्टा मिळतो, मग बायकांसाठी तसे काही का असू नये, असे बहीण थट्टेने म्हणाली. लिंडालबाईंनी ही थट्टा मनावर घेतली आणि नव्या वस्त्रात कोणते गुण हवेत याची यादी केली. पट्टे घसरता कामा नयेत, आकडे नकोत, शिवण अंगाला लागू नये, हालचाल थोपली पाहिजे.

लिंडालबाईंच्या घरी त्या उन्हाळ्यात त्यांची बालमैत्रीण पॉली स्मिथ मुक्कामाला होती. विद्यापीठात शेक्सपियरच्या नाटकांचा महोत्सव भरत असे, त्याच्या वेषभूषेचे काम स्मिथबाईंकडे होते. आणि त्यांना साह्य करण्यासाठी हिंडा श्रायबर नावाची दुसरी तरुणी आली होती. याच पुढे हिंडा मिलर म्हणून प्रसिद्धीस आल्या. स्मिथबाई शिवणात वाकबगार होत्या. त्यांनी कापडाचे काही नमुने करून पाहिले, एकही जमेना. अशात एके दिवशी लिंडालबाईंच्या पतीने आपला खेळाचा पट्टा गंमत म्हणून डोक्यावरून ओढून छातीवर आणला व तो खोलीत येऊन उभा राहिला. हसण्याचा भर ओसरल्यावर लिंडालबाईंच्या ध्यानात आले की, यात तथ्य आहे. मिलरबाईंनी दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या दुकानातून तसले दोन पट्टे विकत आणले, स्मिथबाईंनी ते उसवून व जोडून त्यांची एक काचोळी केली, आणि लिंडालबाई ती घालून धावल्या. त्यांच्या पुढे, तोंड त्यांच्याकडे ठेवून, मिलरबाई मागे मागे धावत गेल्या व वस्त्र कसे काम देते ते निरखीत राहिल्या. विज्ञानाच्या प्रयोगशाळेतही परीक्षण याहून निराळे नसते. ज्याला आज सर्वत्र स्पोर्ट्स ब्रा म्हणतात, त्याचा जन्म असा झाला.

त्यात पाठीवर एकमेकांस छेदणारे पट्टे होते, त्यामुळे ते घसरत नसत. शिवणी बाहेरच्या अंगाला होत्या. खाली रुंद ताणाची पट्टी होती आणि आकडे मुळीच नव्हते. प्रथम त्याला ‘जॉकब्रा’ असे नाव होते. पुढे ते काहीसे अशिष्ट वाटल्यामुळे ‘जॉगब्रा’ असे बदलण्यात आले. २० नोव्हेंबर १९७९ रोजी त्याचे अमेरिकन पेटंट मंजूर झाले.

परंतु नमुना शिवणे निराळे आणि धंदा उभा करणे निराळे. स्मिथबाई न्यूयॉर्कला आपल्या कलाक्षेत्रात परतल्या आणि पुढे जिम हेन्सन यांच्या बाहुल्यांच्या वेषभूषेसाठी त्यांनी मोठा लौकिक मिळविला. मिलरबाई दक्षिण कॅरोलिनाच्या विद्यापीठात नाटकाची वेषभूषा शिकविण्यासाठी गेल्या. येथे अध्यापिका आणि उद्योजिका या दोन भूमिकांची गाठ पडली. दक्षिण कॅरोलिना हा कापड व शिवणकाम यांच्या कारखान्यांचा प्रदेश. वर्गात शिकवून उरलेल्या वेळात मिलरबाईंनी तेथे शिवून देणारा कारखानदार शोधला. वडिलांकडून पाच हजार डॉलर उसने घेतले आणि पहिला चाळीस डझनांचा माल करवून घेतला. थोड्याच काळात त्यांनी अध्यापन सोडले, त्या व्हर्मांटला परतल्या आणि लिंडालबाईंबरोबर पूर्ण वेळ धंद्यात शिरल्या.

पहिला पेच विकण्याचा होता. माल ठेवावयाचा कोठे? अंतर्वस्त्रांच्या दुकानात तो लेस आणि रेशीम यांच्या गर्दीत हरवला असता. त्या दोघींनी ठरविले की हे अंतर्वस्त्र नव्हे, हे क्रीडासाहित्य आहे. धावण्याच्या बुटांच्या शेजारीच त्याची जागा आहे. क्रीडासाहित्याचे दुकानदार बहुतेक पुरुष होते, आणि असली वस्तू आपल्या फळीवर मांडण्यास ते लाजत. त्यांची समजूत घालावी लागली. बूट घेण्यास येणारी बाई ही वस्तूही घेईल आणि पुन्हा पुन्हा येईल, हे पटल्यावर एकेका दुकानाचे दार उघडले. धावपटूंच्या मासिकांतून जाहिराती गेल्या. धंदा वाढला. तो वाढविताना दोघी भागीदारणींचे सदैव पटले असे नाही. स्वभाव भिन्न होते आणि मतभेद तीव्र होते. तरीही कंपनी टिकली, आणि १९९० साली ती प्लेटेक्स या मोठ्या वस्त्रकंपनीला विकली गेली. मिलरबाई पुढे राजकारणात शिरल्या आणि २००३ ते २०१३ या काळात व्हर्मांट राज्याच्या सेनेटच्या सभासद होत्या. २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-मंदिरात या तिघींची नावे एकत्र समाविष्ट करण्यात आली.

या यशाचे रहस्य कोणते, असे विचारले असता भांडवल हे उत्तर देता येत नाही, कारण भांडवल अल्प होते. शिक्षकाच्या अंगी असणारे काही गुण त्यामागे दिसतात. वर्गात एखाद्या मुलाने भाबडा प्रश्न विचारला आणि सर्व वर्ग हसला, तरी चांगला शिक्षक त्या प्रश्नाला हसत नाही. तो त्याचा मान ठेवून उत्तर शोधू लागतो. बहिणीच्या थट्टेचा असा मान राखला गेला. शिवाय मिलरबाई जो विषय शिकवीत तोही येथे कामास आला. शिंप्याच्या इतर बहुतेक कामांत माणूस उभा किंवा बसलेला गृहीत धरलेला असतो. नाटकाच्या वेषभूषेत मात्र पात्र उडी मारते, लढते, पडते, नाचते, आणि तितक्यांत वस्त्र उसवून चालत नाही. हालणाऱ्या देहासाठी कापड बेतण्याची परंपरा रंगभूमीने सांभाळली होती. ती त्या तिघींनी मैदानावर आणली. आणि एकच धडा नव्या वर्षी नव्या वर्गाला तितक्याच उत्साहाने शिकविण्याची जी चिकाटी शिक्षकाला लागते, तीच चिकाटी संकोचणाऱ्या दुकानदारांपुढे उपयोगी पडली.

येथून या वस्त्राचा मार्ग बंगळूरकडे वळतो. त्यात रसायनशास्त्राचाही वाटा आहे. १९५८ साली ड्यूपाँ कंपनीतील जोसेफ शिव्हर्स यांनी एक ताणला जाणारा कृत्रिम धागा सिद्ध केला. तो लायक्रा या नावाने बाजारात आला. हा धागा नायलॉन किंवा पॉलिएस्टर यांच्यात थोड्या प्रमाणात विणला की कापड अंगाबरोबर ताणते आणि अंगाबरोबरच परत येते. सुती कापड घाम पिऊन जड होते, तसे हे होत नाही. परंतु असले कापड शिवणे सोपे नसते. ते मशीनखाली सरकते, ताणते, सुरकुतते. साध्या टाक्याने शिवले तर ताण पडताच दोरा तुटतो. म्हणून ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक या खास मशीनांवर सपाट पडणारी, ताणली जाणारी शिवण घालावी लागते. ती घालण्यास सराईत हात लागतात, आणि असे हात जेथे मोठ्या संख्येने मिळतात तेथे जगाचा व्यापार जाऊन उभा राहतो.

बंगळूरला कापडाची परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या आणि बिन्नी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गिरण्यांनी अनेक पिढ्या पोसल्या. त्या गिरण्यांतला कामगार प्रामुख्याने पुरुष होता. गेल्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत गिरण्या मंदावल्या आणि निर्यातीचे तयार कपडे शिवणारे कारखाने वाढले. पीण्याच्या वसाहतीत, म्हैसूर रस्त्यावर, होसूर रस्त्यावरील बोम्मनहळ्ळीच्या परिसरात ते उभे राहिले. गोकलदास एक्सपोर्ट्ससारख्या कंपन्यांनी परदेशी नाममुद्रांसाठी कपडे केले, तर पेज इंडस्ट्रीज या कंपनीने जॉकी या नाममुद्रेचे कपडे देशी बाजारात घरोघर पोचविले. या कारखान्यांतील कामगारवर्ग मात्र गिरण्यांहून अगदी निराळा निघाला. येथे दहांतल्या सुमारे आठ कामगार स्त्रिया आहेत. कित्येक जणी रामनगर, मद्दूर, मंड्या या बाजूच्या खेड्यांतून पहाटे निघून वाहनांत दाटीने बसून येतात.

कारखान्यात संपूर्ण वस्त्र कोणीच शिवीत नाही. ओळीने मशीने मांडलेली असतात. एक बाई खांद्याची शिवण घालते, दुसरी पट्टी ताणून लावते, तिसरी दोरे कातरते. दिवसभर तेच. दर तासाला किती नग उतरले पाहिजेत याचा आकडा ठरलेला असतो, आणि तो पुरा झाला की नाही हे पाहणारा पर्यवेक्षक फेऱ्या मारीत असतो. पाणी पिण्यास किंवा मोरीकडे जाण्यास उठावे तरी आकड्याची धास्ती. म्हणजे जे वस्त्र जगातल्या एका स्त्रीला हालचालीचे स्वातंत्र्य देते, ते शिवणारी दुसरी स्त्री आठ-नऊ तास एका जागी खिळलेली असते. या विरोधाकडे डोळेझाक करून स्त्रियांच्या क्रीडावस्त्रांचा गौरव करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

या स्त्रिया सोशिक आहेत, पण मुक्या नाहीत, याचा प्रत्यय २०१६ साली आला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने भविष्यनिर्वाह निधीचे नियम बदलले. नोकरी सोडल्यावर कामगाराला आपली वर्गणी काढता येईल, परंतु मालकाने भरलेला हिस्सा वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत हाती येणार नाही, असा त्याचा आशय होता. कागदावर पाहिले तर त्यात दूरदृष्टी दिसे. म्हातारपणाची तरतूद शाबूत राहावी हा हेतू. पण शिवणाच्या कारखान्यात अठ्ठावन्न वर्षांपर्यंत टिकणारी बाई विरळाच. डोळे आणि पाठ त्याच्या कितीतरी आधी जाब देतात. मुलीचे लग्न, मुलाची फी, सावकाराचे देणे अशा वेळी नोकरी सोडून काढता येणारी ही एवढीच तिची शिल्लक. १८ एप्रिलला बोम्मनहळ्ळीच्या बाजूच्या बाया काम टाकून होसूर रस्त्यावर येऊन बसल्या. त्यांना कोणी पुढारी नव्हता. दुसऱ्या दिवशी इतर भागांतल्याही हजारो जणी उतरल्या. शहराचे हमरस्ते बंद पडले, काही ठिकाणी जाळपोळ झाली आणि लाठीही चालली. त्याच दिवशी, १९ एप्रिलला, सरकारने तो नियम मागे घेतल्याचे जाहीर केले. त्या नियमाने ज्यांच्या आयुष्याला हात घातला होता, त्यांचे आयुष्य नियम करताना कोणी मोजून पाहिले नव्हते. जॉगब्राच्या आधी काचोळी शिवणाऱ्यांनीही नेमके हेच केले होते. जिने घालावयाची तिला विचारलेच नव्हते.

याच शहरात आता विचारणाऱ्या स्त्रियाही पुढे आल्या आहेत. २०२० साली मिनू मार्गारेट यांनी बंगळूरमध्ये ‘ब्लिसक्लब’ ही स्त्रियांच्या व्यायामवस्त्रांची कंपनी काढली. त्या स्वतः फ्रिस्बीच्या सांघिक खेळातल्या खेळाडू. खेळताना मनासारखे वस्त्र बाजारात मिळत नाही, या अनुभवातून त्यांचा धंदा निघाला. त्यांच्या विजारींना खिसे आहेत ही गोष्ट लहान वाटेल. पण पुरुषाच्या विजारीला खिसा नसता तर ती कोणी विकत घेतली असती काय, असा विचार करून पाहावा. धावावयास निघालेल्या बाईला घराची किल्ली आणि दूरध्वनी हातात धरून धावावे लागते, हे ज्याला कधी जाणवले नाही त्याला खिसा सुचत नाही. बर्लिंग्टनमध्ये जे घडले तेच येथे घडले. अडचण जिची, तिनेच उपाय शोधला.

यावर कोणी म्हणेल की, अंगी जिद्द असली तर वस्त्राने काय अडते? आपल्या बारामतीच्या लता करे साठी उलटल्यावर, पतीच्या औषधपाण्याला पैसे हवेत म्हणून, नऊवारी लुगड्यात आणि अनवाणी शर्यत धावल्या व पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला व त्यात त्यांची भूमिका त्यांनीच केली. लताबाईंच्या जिद्दीपुढे मान लवते. परंतु ती शर्यत त्यांनी हौसेने नव्हे, गरजेपोटी धावली होती. अपवादात्मक धैर्यावर समाजाची व्यवस्था उभारता येत नाही. व्यवस्था असावी लागते ती साधारण मुलीसाठी, जी थोड्याशा संकोचानेही मैदानाबाहेर राहते.

आणि वस्त्राने काय अडते याचे उत्तर शर्यतीच्या घड्याळातही आहे. १९८४ साली लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. जेथे हिशेब इतका बारीक, तेथे अंगावरची प्रत्येक शिवण मोजावी लागते. त्यानंतर ऑलिंपिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक प्रकारात अंतिम शर्यत गाठण्यास दुसऱ्या भारतीय स्त्रीला ३२ वर्षे लागली. ती स्त्री म्हणजे सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर. २०१६ साली रिओ येथे ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्या दहाव्या आल्या. दुष्काळी गावातली, खो-खो खेळून पाय तयार केलेली ही मुलगी. खो-खोला मैदान पुरते, फारसे साहित्य लागत नाही. म्हणून तो खेळ गरिबाच्या मुलीला परवडतो. पण तेथून पुढे जावयाचे तर बूट लागतात, वस्त्र लागते, आणि ते विकत घेण्याची ऐपत लागते.

खेड्यापाड्यांतल्या शाळांत एक दृश्य नित्य दिसते. चौथी-पाचवीपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने पळतात, लंगडी घालतात, खो देतात. बाराव्या-तेराव्या वर्षी त्या हळूच मैदानाच्या कडेला जाऊन बसू लागतात. शिक्षक म्हणतात, मुलींना आवड राहिली नाही. आई म्हणते, आता मोठी झाली. मुलगी काहीच म्हणत नाही. पुष्कळदा त्या न बोलण्यात आवडीनिवडीचा प्रश्न नसतो. शरीर बदलले आहे आणि त्या शरीराला मैदानावर आधार देणारे वस्त्र नाही, एवढीच गोष्ट असते. शाळा गणवेश देते, पुस्तके देते, कोठे कोठे सायकलही देते. मुलींच्या क्रीडासाहित्याच्या यादीत चेंडू आणि दोरीच्या उड्यांबरोबर या वस्त्राचेही नाव निःसंकोचपणे लिहिले गेले, तर त्याला फार मोठा खर्च येणार नाही. खर्चापेक्षा संकोच मोठा आहे. आणि तो मोडण्याचे काम शाळेतल्या एखाद्या बाईंनी मुलींशी सरळ बोलून सुरू केले तर ते लवकर होईल. बर्लिंग्टनच्या कथेत जे काम झाले, त्याची सुरुवातही दोन बहिणींच्या सरळ बोलण्यातूनच झाली होती.

बंगळूरच्या शिवणाऱ्या बायकांना आज चांगल्या प्रतीची अशी एक काचोळी विकत घ्यावयाची तर दोन-तीन दिवसांची किंवा त्याहूनही अधिक मजुरी मोजावी लागते. त्यांच्या हातांखालून ती दिवसाला शेकड्यांनी जाते. त्यांच्याच मुली खेड्यांतल्या त्या शाळांत शिकत असतात, मैदानाच्या कडेला बसलेल्या. स्त्रियांच्या क्रीडावस्त्रांचा व्यापार किती कोटींचा झाला, याचे आकडे वेळोवेळी छापून येतील. पण त्या आकड्यांबरोबर आणखी एक हिशेब ठेवावयास हवा. मशीनवर बसलेल्या बाईची मुलगी तेराव्या वर्षीही खो देण्यासाठी उठून धावली काय, हे ज्या दिवशी होय म्हणून लिहिता येईल, त्या दिवशी वस्त्राने आपला तिसरा धर्म पाळला असे म्हणता येईल.